मुक्तछंदाला ‘होय महाराजा’

कवितेची प्रेरणा कुठून येते ते मला विचारूच नका; मला मिळालेली दाद कसली होती, तेच अजून कळलेलं नाही. लांज्याजवळच्या आमच्या गावात पूजेच्या दिवशी मंडळींनी मला देवळात कविता वाचायला उभं केलं. आता आमच्याकडे देवासमोर उभं राहून एकजण गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी बंद घरांवरची नवी कविता काढली. “पोरं मुंबईला गेली, दारांना कुलपं राहिली...”

“होय महाराजा!” अख्खं देऊळ गरजलं.

“अहो, ही कविता आहे!” मी ओरडलो.

“होय महाराजा!”

कशीबशी कविता संपवून मी चपला शोधत होतो, तर शेजारच्या सुमतीकाकूंनी गाठलं.

“बोललास चांगलं रे. पण सगळं दुःख सांगितलंस नि मागितलंस काहीच नाही. गाऱ्हाणं असं अर्धवट सोडतात काय?”

तेव्हापासून प्रत्येक कविता शेवटच्या ओळीशी येऊन अडते. मागायचं काय, तेच सुचत नाही.