मावळ्यांच्या मिशा

अगं, थांब, आधी हे ऐक! लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचो ना, ते मातीचे मावळे मी आणि काकांनी मिळून रंगवलेले. तेच आणायला काल तासगावला गेले. काकांनी बेदाण्याच्या खोक्यात, एकेक कापसात गुंडाळून, पंधरा वर्षं जपलेले. उघडते तर काय, एकालाही डोळे नाहीत, मिशा नाहीत!

"काका, रंग कुठं गेला?"

"आगं, तू येणार म्हणून परवा, बेदाणं करताना द्राक्षं बुडवतो न्हवं, त्या डिपिंग ऑइलात बुडवून काढलं. बेदाण्याला चकाकी येती, म्हटलं ह्यास्नी बी येईल. तर रंगच निघाला की."

मला रडूच आलं. तर काकांनी खोक्याच्या तळातून माझा तेव्हाचा ब्रश काढला.

"ह्यो बी ठिवलाय बघ. बस, मिशा काढू."

तू काय केलं असतंस गं? भांडली असतीस?