कुर्डूचे तुरे

बंगळूरहून निघालेली बस होसकोट्याच्या अलीकडे बंद पडली. रागीच्या शेतात कुर्डूचे गुलाबी तुरे उतरत्या उन्हात एकाकी डुलत होते. ते पाहत मी उभा असताना शेजारच्या दोन प्रवाशांचे बोलणे कानी आले.

“मावशी, मुलीसाठी फुलं तोडली. कशी आहेत?”

“पद्माकर, हे कुर्डू! शेतातलं तण. ते घेऊन मुलगी बघायला जाणार? तेही शेतकऱ्याची?”

“राजाजीनगरात कुठे दिसतं हे?”

“इंजिनियर ना तू! फेक आधी.”

“फेकतो.”

“इथे नको रे! बी सांडलं की पुढच्या वर्षी शेतभर हेच.”

“मग पिशवीत ठेवू?”

“पिशवीत पेढे आहेत.”

“मग काय खाऊ?”

“कोवळा पाला असता तर भाजी तरी केली असती.”

इतक्यात बांधावरून एक फेटेवाले गृहस्थ उतरले.

“राजाजीनगरचे पाहुणे ना? बस अडकल्याचं कळलं, म्हणून आलो. शेत आमचंच.”

“अगंबाई, मुलीचे आप्पाजी! मुलाचं मनावर घेऊ नका हो.”

“घेणारच, अक्का! थोरले दोन जावई भांगलणीला कधी फिरकले नाहीत. हा तर मुलगी बघण्याआधीच तण काढायला लागला. पसंत!”

“पण मी मुलगी अजून...”

“दाखवतो की. स्वल्प, अगदी थोडा, तो पलीकडचा कोपरा राहिलाय, तेवढा उरका.”