लायनीतलं शवासन

शवासन म्हणजे सगळ्यांत सोपं, नुसतं पडायचं, असं कुणी म्हणालं की मला उरणचे ड्रायव्हर आठवतात. योगाने ट्रेलरवाल्यांची झोप सुधारते का, हा माझा संशोधनाचा विषय. म्हणून वर्गही बंदराबाहेरच्या शेडमध्येच घ्यायचे, त्यांच्या गाड्या आत जायच्या लायनीत उभ्या असताना.

हातपाय ताणणं झकास चालायचं. पण शेवटी "डोळे मिटा" म्हटलं की एकजण मिटेल तर शपथ. सगळे मान वळवून रस्त्याकडे बघत पडलेले. एकदा मी वैतागलेच.

"नामदेवदादा, पाच मिनिटं मिटलेत डोळे तर काय बिघडणार आहे?"

पडल्या पडल्याच ते म्हणाले, "ताई, लायन सरकली आन् आपली गाडी जाग्यावर र्‍हायली, तं मागचा पुढं घुसतो. मंग सगली रात इथंच."

"मग झोपता कधी?"

"हे काय, असंच. बघत बघत."

मी खुर्ची उचलली आणि शेडच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून बसले. "लायन मी बघते. सरकली की हाक मारते. तुम्ही झोपा."

थोडा वेळ कुणीच डोळे मिटले नाहीत. मग मागून नामदेवदादांचं घोरणं ऐकू आलं, आणि हळूहळू बाकीच्यांचंही.

लायन सरकली तशी मी हाका मारल्या. दादा डोळे चोळत गाडीकडे निघाले, दाराशी थांबले.

"ताई, उद्या आसनं न्हाय शिकवलीस तरी चालंल. खुर्ची टाकून तेवढी बस."