काजळीच्या मानेची लोकर

नारायणगावात डोळ्यांच्या दवाखान्यात निर्मला नंबर लावून बसली होती. समोरच्या बाकावर एक आजोबा होते. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात जुनं फूल पडलेलं. शेजारी त्यांची नात लोकरीच्या गोळ्याला सुईनं टोचून टोचून मेंढी घडवत होती.

"आबा, हिचं अंगच धरंना. कितीबी टोचा, लोकर सुटती."

"कसली घेतलीस?"

"मोबाइलवरून मागवली. लई मऊ हाय."

"निसत्या मऊला धर नसतो, प्रांजल. आपल्या घरची आणलीस न्हवं?"

"पिशवीत हाय. पण खरखरीत."

"दे हातात. ही पाठीची, लांब हाय, निसटंल. ही पोटाची, आखूड अन् कुरळी. एकीत एक गुतून बसती. ही आत भर."

"अन् वरून?"

"ही जावळाची. कोकराची पहिली कातरण. वरून ही लाव, मऊ दिसंल."

"बसली आबा. कशी घट्ट झाली बघा."

"अन् ही बट गं कुठं घावली?"

"पिशवीच्या तळाला."

"काळी असंल बघ."

"काळीच हाय. तुमाला कसं कळलं?"

"आपल्या काजळी मेंढीची हाय. मानेची."

"वाघानं नेली ती? पाच वर्सं झाली की."

"दिसंनासं झाल्यावर दोन वर्सं तिच्या मानंवर हात ठिवून रानात जायचो मी."

"मंग हिच्या मानंलाच लावते."

"लाव. हळू टोच."

एक काळी बट निर्मलाच्या पायाशी येऊन पडली होती. तिनं ती उचलली, बोटांत धरली आणि डोळे मिटले. तिचा नंबर दोनदा पुकारला गेला.