बावखलाच्या तळाशी दिसलेला हात

—नाय सर, पाणी नको. खुर्ची पण सरळ करू नका, अशीच बरी हाय. नि मला जागं बिगं करायची गरज नाय, मी जागीच हाय — तुमी ‘पापण्या जड होतायत, जड होतायत’ म्हणत होतात ना, तेव्हापासून जागी हाय. झोप कसली लागतेय! गणपतीपासून घरात डोळ्याला डोळा नाय, नि इथं बोईसरात, खाली टायरचं दुकान नि वर तुमच्या टेपवरच्या लाटा, त्या ऐकून मी झोपणार? आमच्या घरामागं खऱ्या लाटा हायत. पण म्हटलं करू दे यांना काय करतात ते, बघू तरी आमच्या पोरीला कुठल्या वाटेनं नेलं. तुमी म्हणालात, दमयंतीबाई, आता आपल्या वाडीतल्या बावखलात पायऱ्या उतरा, अगदी तळाशी जा, दुखणं जिथं सुरू झालं ते तळाशी दिसेल. उतरले की! वाडीतलं खोल तळंच ते, पानवेलींना शिंपायचं पाणी त्यात साठतं, लग्न होऊन आले तेव्हापासून रोज उतरते, मला काय त्याचं अप्रूप? अप्रूप तुमाला. तुमी घाटावरचे, कंपनीत शिफ्ट सांभाळायचात, मग कुठंसं शिबिर केलंत नि मनाचे वैद्य झालात. बावखल हा शब्द तुमाला आमच्या पोरीनं, चारुतानंच दिला ना? हो ना? नि आता येईल त्याला तुमी बावखलात उतरवता. वारली माणसाला पण उतरवता नि बिहारी पोरांना पण. बिचाऱ्यांनी बावखल बघितलेलं तरी असतं का?

चारूचं एवढंच होतं की छातीत धडधडायचं. नवी नोकरी, वरचा साहेब खेकसणारा, कोणाचं धडधडणार नाय? ती तुमच्याकडं आली. तुमी तिला तळाशी नेलंत, तिला मागून एक हात दिसला, धक्का बसला, नाकातोंडात पाणी. कोणाचा हात, तुमी विचारलंत. अण्णांचा, ती म्हणाली — तिचे वडील, आमचे हे. इथपर्यंत सगळं खरं हाय, सर, अगदी खरं! पण पुढचं? ‘त्यांना मुलगी नको होती’ — हे कोण म्हणालं? ती? नाय, आठवा, नीट आठवा, मी तिला दहादा विचारलंय. तुमी म्हणालात. ‘असं असेल का, की त्यांना मुलगी नको होती?’ असं गोड आवाजात विचारलंत, नि ती पडलेली डोळे मिटून, ती काय नाय म्हणणार?

नारळ विचारलेत का तिला? पाठीवर काय होतं, विचारलंत? अहो, आमच्याकडं पोर पोहायला असंच शिकतं! दोन सुके नारळ सुंभानं जोडायचे, पोराच्या पाठीला बांधायचे नि बापानं मागून ढकलायचं. सांगून ढकललं तर पोर उडी मारतच नाय, म्हणून न सांगता. मला माझ्या बापानं ढकललं, यांना यांच्या बापानं. नि ढकलून हे काठावर उभे राहिले होते होय? हे धोतरासकट मागोमाग पाण्यात! पोर वर आली, हातपाय मारायला लागली, तेव्हा हा माणूस असा हसत होता, नि संध्याकाळी आळीभर गूळखोबरं वाटलं — आमची चारू तरली, आमची चारू तरली. मुलगी नको असलेला माणूस गूळखोबरं वाटतो? का नाय विचारलंत? तोंडाला कुलूप होतं का?

गौरीजेवणाच्या दिवशी, भरल्या घरात, पंगतीत हे वाढत होते नि पोरगी उभी राहून म्हणाली — अण्णा, तुमी मला मारायला ढकललं होतं. हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं यांनी. ती बोईसरला निघून आली, आता सुट्टीच्या दिवशी तुमच्याच दारात बसून लोकांना आत सोडते. मी आज आले तर केवढी खूश! आई, तुला पण बरं वाटेल, म्हणाली. नि तिकडं तो माणूस बावखलाच्या बाजूला फिरकत नाय. वेली करपल्या, म्हटलं पाणी लावा, तर म्हणतात तू लाव. अर्धी भाकरी खातात नि ताट सरकवतात. परवा मला म्हणाले, दमे, माझ्या मनात तेव्हा खरंच तसं काय आलं असेल का गं? — ऐकलंत? सत्तरीचा माणूस बायकोला विचारतोय, मी खुनी हाय का! तिला तुमी इथं खुर्चीत आडवं पाडलंत, त्यांना तर तुमी बघितलं पण नाय, तरी त्यांच्या डोक्यात घातलंत. तुमीच घातलंत. म्हणजे — मी विचारलं होतं त्यांना. एकदाच. भाकरी थापता थापता, वर न बघता विचारलं, की पोर इतकं म्हणते तर... सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं, ते नारळ मीच बांधलेले, नि तरी मी विचारलं! जाऊ दे. हे तुमाला सांगायचं नव्हतं. हे सांगायला मी आले नव्हते.

कशाला आले ते सांगते. आज मला पण हात दिसला. गोरा, मनगटावर स्टीलचा पट्टा, बोटात पिवळा खडा. लपवू नका, राहू दे खुर्चीवर. तुमचाच, सर. मी आठ वर्षांची होते नि तुमी मला मागून ढकललंत. माझ्या पाठीला नारळ नव्हते. — तेव्हा तुमी जन्मले पण नव्हतात? असेल. पण तळाशी दिसतं ते खोटं नसतं, बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत तुमीच लावलंय. आता मी बाहेर जाते. माणसं भरलीत, मनोरची एक बाई नवऱ्याची दारू सुटावी म्हणून आलीय, तिच्या गळ्यात पडून सांगते, यांनी मला मारायला ढकललं. मला रडायला शिकवावं नाय लागायचं. उद्या पालघरच्या बाजारात सांगते, परवा उमरोळीला माझ्या माहेरी. तुमी नाय म्हणत फिरा दारोदार. आमचे हे पण नाय म्हणत होते.

हात कशाला जोडता? मला काय देव केलंत? — हां. हां, असं म्हणा. पण मला नाय. थांबा. चारू! ए चारू, आत ये गं जरा. ये. सर काय सांगतायत ऐक. — मोठ्यानं, सर. जमिनीकडं बघून नाय, तिच्याकडं बघून. — पुन्हा एकदा. — ऐकलंस? दिसलं म्हणजे घडलंच असं नसतं, म्हणतात. आज म्हणतात. — मग तुला दिसलं त्याचं काय, ते मला विचारू नको, नि यांना तर अजिबात नको. एवढं झाल्यावर आता यांना विचारणार तू? घरी जा. अण्णा पडवीत बसले असतील. नाय बोलवलं तर नुसती बस त्यांच्याजवळ, ते काय तुला हाकलणार नायत. रडू नको, गाडी चालवायचीय तुला. — मी? मी येते मागून रिक्षानं. माझं इथलं उरकलेलं नाय, तुझं झालं, अण्णांच्या डोक्यात घातलेलं राहिलंय. — तुमी कुठं उठता, सर? बसा. बसा म्हटलं ना. — चारू, बाहेरच्यांना सांग, आज काय होणार नाय, घरी जा. नि दार ओढून घे.