आवाज ट्रकचाच होता

मी, वय बावन्न वर्षे, धंदा ट्रक दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या, विचारल्यावरून समक्ष सांगतो की, सदर ठिकाणी मी, आई आणि धाकटा भाऊ असे राहत होतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळून आहे. धाकटा स्वतःचा जुना पेट्रोलचा ट्रक चालवायचा.

मागच्या महिन्यात फेरीवर असताना धाकटा छातीत कळ येऊन मयत झाला. ट्रक त्याने रस्त्याच्या कडेला नीट लावून हँडब्रेक ओढलेला होता. आईचं काळीज हे सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तो लांबच्या फेरीवर आहे असं मी तिला सांगितलं.

सदर ट्रक रेस दिली की अडखळायचा आणि सायलेन्सरमधून धाडकन बार निघायचा. "दादा, हिला खोकला झालाय," असं धाकटा म्हणायचा. ट्रक ओढून आणला, पण मला नुसतं बसवेना. चालू करून बघितला, दोन बार निघाले. तेवढ्यात आई आतून ओरडली, "आला गं बाई माझा!" तो दमून झोपलाय असं मी सांगितलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, टायमिंग बघितलं. फरक शून्य. शेवटी प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढा तडा सापडला. त्यातून ठिणगी भलत्याच प्लगला जात होती. नवी टोपी घातली, इंजिन सुतासारखं सरळ झालं. संध्याकाळी आई म्हणाली, "हा कुणाचा ट्रक? आपला नव्हे." तिने ताट सरकवलं. मग मी फुटकी टोपी परत चढवली आणि रोज संध्याकाळी ट्रक गल्लीतून फिरवून आणू लागलो.

समोरच्या शिंपीमामांनी गोळीबाराची तक्रार दिली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. माझ्याकडे नटबोल्ट खोलायचे पाने आहेत, बंदूक नाही. घरझडती खुशाल घ्या, फक्त आईच्या खोलीत बूट वाजवू नका.

पुढे विचारल्यावरून सांगतो की, काल आई म्हणाली, "रोज येतो आणि माझं तोंड बघत नाही. एवढा कसला रे रुसलाय माझ्यावर?" ती भिंतीकडे तोंड करून रडली.

आज सकाळी नवी टोपी बसवली आहे. फुटकी टोपी हजर करत आहे, ती परत नको. घरी जाऊन आईला खरं सांगणार आहे. कसं, ते ठरलेलं नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. धाकटा मयत झाला, हे कुणाच्या तोंडून मोठ्याने मी पहिल्यांदाच ऐकलं. ते बरोबर आहे.