पलंगावर कोणी बसायचं नाही

माहं नाव कुसुम. माहेर तिरोड्याचं, बाप रेल्वेत गँगमन होता, अन् लग्न होऊन आली ते इथं रायपूरले, पुरानी बस्तीत, मंदिराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या अन् समोरच्या ओट्यावर याईचं, म्हणजे माह्या मालकाचं, सुतारकाम, तवाबी तेच, आजबी तेच. याईचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाले आले अन् इथंच राह्यले, म्हणून आमच्या घरात मराठी, दुकानात हिंदी अन् भाजीवालीसंग छत्तीसगडी, अशी आमची खिचडी. हसू नको दीदी, तूबी तं मराठीत विचारते अन् मधातच हिंदीत घुसते. तं मी काय सांगत होती, आम्ही त्याच घरात बसल्या बसल्या मध्य प्रदेशातून छत्तीसगडात आलो, रायपूर राजधानी झालं अन् आम्ही चटईवरून उठलो बी नाही. माह्या जिंदगीतला सगळ्यात स्वस्त प्रवास तोच. दुसरा स्वस्त प्रवास केला, त्याचीच तं गोष्ट तुले पाहिजे.

राजधानी झाली तवा सारा पारा, म्हणजे मोहल्ला, म्हणे, भाभी, अब तो मिस्त्रीजी के दिन आ गए. साहेब लोक येतीन, बंगले बनतीन, दारं-खिडक्या लागतीन. साहेब आले, बंगलेबी बनले, पण पलंग आले ते ट्रकातून, प्लास्टिकात गुंडाळलेले, बनेबनाए. हे आपले रंदा हातात धरून पाहत राह्यले. मंग तात्यापाऱ्यात रस्ता रुंद कराले जुन्या घरांची समोरची बाजू तुटली अन् लोकं आजा-पणजाच्या सागवानी चौकटी जळतणात विकाले लागले, तं याईचा जीव कासावीस. कोणाचं काम केलं का मजुरीच्या बदल्यात चौकट उचलून आणायचे. घरात तांदूळ कमी अन् चौकटी जास्त. मी म्हणलं, अहो, सागवान शिजत नाही. हे म्हणे, पाहू. याईचं हे पाहू ऐकून ऐकून माहे केस पिकले.

आता याईची बहीण. शोभाबाई, एकुलती एक, भंडाऱ्याच्या अलीकडं लाखनीले दिली. नवरा लवकर गेला तिचा, पदरात एक पोट्टी, रंजू. रंजू लहानपणी उन्हाळाभर आमच्याकडं राहाची, खाली चटईवर झोपाची, अन् एकदा विंचू निघाला तं लय रडली. तवा हे म्हणे, रडू नको, तुह्या लग्नात मामा तुले असा पलंग देईन का विंचू शिडी लावून बी चढणार नाही. आता लेकराले चूप कराले माणूस काहीबी बोलते, अन् मंग माणूसबी विसरते, लेकरूबी विसरते. हे नाही विसरले. अन् शोभाबाईचं अन् माहं, काय सांगू तुले, नणंद-भावजयीचं राह्यते तसंच. ती चारचौघींत म्हणायची, माहा भाऊ सोन्यासारखा, वहिनीनं तोडला. मी काहून तोडू वो? भाऊ स्वतःच घरातून हलत नव्हता. मंग ऐन उन्हाळ्यात रंजूचं लग्न ठरलं. आमच्यात मामा भाचीले उचलून मांडवात आणते अन् मंगलाष्टकं होतपर्यंत तिच्या पाठीशी उभा राह्यते, अन् बाप नसलेल्या पोट्टीले तं तोच आधार. मले पक्कं माहीत होतं, मामा नाही पोचला तं नाव माहंच होणार, अन् ते मले मरेपर्यंत पुरणार.

याईनं त्याच चौकटींचा पलंग केला. असा केला दीदी, का मीबी चूप झाली, अन् मी चूप होणं म्हणजे समजून घे. डोक्याकडं मोर कोरले, खिळा एक नाही, सारे सांधे लाकडातच बसवले. आता न्यायचा कसा? पॅसेंजरनं आम्ही दोघं गेलो असतो कसंतरी, पलंगाले कुठी बसवायचं? हे भनपुरीले ट्रान्सपोर्टवाल्याकडं गेले, तं मुंशी म्हणे, चाचा, इतने किराये में तो नया पलंग आ जाएगा. हे घरी आले, चहा पेले अन् म्हणे, आपला ठेला आहे ना. ठेला म्हणजे तीन चाकी सायकलचा, लाकूड आणाचा. मी म्हणलं, लाखनीपर्यंत? हे म्हणे, रस्ता तं सरळच आहे. अरे, रस्ता तं सरळ मुंबईपर्यंत जाते, म्हणून काय पायडल मारत जायचं? लय भांडली मी. भांडून झालं अन् मंग पीठ, तिखट, कांदे बांधाले बसली. एकट्याले सोडलं असतं तं हे दुर्ग शहरातच कोणाची खिडकी सुधरवत राह्यले असते अन् पोट्टी पाटावर बसून म्हातारी झाली असती.

एक नेम मात्र मी घातला. नवरीच्या पलंगावर नवरीच्या आधी कोणी बसायचं नाही, झोपाचं तं नावच काढायचं नाही. तं दिवसभर हे पुढं पायडल मारत, मी चढाव आला का मागून ढकलत, उतार आला का ठेल्याच्या कडेवर बूड टेकवत. अन् मुक्कामाले गाव आलं का शाळेच्या वऱ्हांड्यापाशी ठेला लावायचा, आम्ही दोघं खाली फरशीवर, डास मारत, अन् पलंग वर एकटाच आरामात. हे एकदा म्हणे, आपून पलंगाले नेऊन राह्यलो का पलंग आपल्याले? मी म्हणलं, झोपा.

अन् रस्त्यात ज्याले पाहावं त्याले त्या पलंगावर बसायचं. राजनांदगावच्या पुढं एक म्हातारी म्हणे, थोरिक बइठन दे ना बहिनी. मी म्हणलं, दाई, नवरीचा आहे. हव, म्हणे, अन् माह्याजवळ जमिनीवर बसली, अन् आपल्या डब्यातली बासी, म्हणजे रातचा भात पाण्यातला, अन् कांदा आमच्यासमोर ठेवला. तसं खाण्याचे हाल नाही झाले आमचे. हे कोणाची बाज कसून द्यायचे, कोणाच्या दाराले खिळा ठोकून द्यायचे, ढाब्यावाल्याचं बाकडं डुगडुगत होतं ते सरळ केलं तं त्यानं दाल-रोटी खाऊ घातली. त्याच्या आधी भिलाईपाशी तं मोटरसायकलवाले कॉलेजचे पोट्टे थांबले, फोटो काढले, अन् म्हणे, आंटी, ये पर्यावरण यात्रा है क्या, ना धुआँ ना पेट्रोल, बहुत बढ़िया संदेश है. मी म्हणलं, बेटा, संदेश नहीं है, पलंग है. पेट्रोल के पैसे होते तो हम भी धुआँ करते.

मंग लागला जंगलाचा नाका. तिथला गार्ड म्हणे, सागवान आहे, कागद दाखवा, झाड कुठून तोडलं? हे म्हणे, साहेब, झाड नाही तोडलं, घर तुटलं. तो म्हणे, म्हणजे? याईले सांगता येत नाही, बोलायचं आलं का याईच्या तोंडात खिळे. मी म्हणलं, साहेब, वाकून पाहा. तो ठेल्याखाली वाकला तं पलंगाच्या पोटाले दाराचा जुना हिरवा रंग तसाच, बिजागरीच्या खाचा तशाच, अन् एका पट्टीवर कोणीतरी लिहिलेलं, कुत्ते से सावधान. तो खालीच हसाले लागला. बाहेर निघून म्हणे, जा बाई, पण एकदा बसून पाहू का, मजबूत दिसते. मी म्हणलं, नाही. कागद नसून सोडलं त्यानं, अन् मी त्याले बसू नाही देल्लं. हे पुढं कितीतरी वेळ मले म्हणत राह्यले, तुह्यात काही भीती-लाज?

अन् देवरीच्या अलीकडच्या उतारावर झालं ते झालं. ठेला पळाले लागला, ब्रेक धरेना, हे उडी मारून मागून ओढाले गेले अन् पाय असा मुरगळला का रस्त्यावरच बसले. ठेला मी पकडला, कसा पकडला मले बी माहीत नाही, झुडपात जाऊन थांबला. पाहते तं घोटा भोपळ्यावानी. लग्न दुसऱ्या दिवशी. मी म्हणलं, चढा पलंगावर. तं हे म्हणे, नवरीचा आहे, मी नाही चढत. पाहा दीदी, सारा रस्ताभर मी ज्याच्यासाठी भांडली, तोच नेम माह्यावर उलटला. मी म्हणलं, चढता का मी ठेला इथंच सोडून बसू? तवा चढले, अन् पाहुण्यासारखे एका काठाले पडले. ऊन मरणाचं, म्हणून मी याईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकली. सायकल मले येत नव्हती, पण तीन चाकाले तोल लागत नाही. लुगडं खोचलं अन् मारले पायडल. रडतबी होती, खोटं काहून बोलू? पोचत नाही असंच वाटून राह्यलं होतं.

आता चादर, पलंग अन् रडणारी बाई. रस्त्यानं लोकं हात जोडाले लागले. मले समजलंच नाही पहिले. एक ट्रॅक्टरवाला थांबला, टोपी काढली, हळूच म्हणे, कुठी नेऊन राह्यली बाई? मी म्हणलं, लाखनीले, भाचीचं लग्न आहे, हे मामा आहेत तिचे. त्याच्या डोळ्यात पाणी. म्हणे, मी साकोलीपर्यंत नेतो, अन् दोर बांधला. मी खोटं एक अक्षर बोलली नाही, त्यानं विचारलं नाही अन् मी सांगतलं नाही. चादरीखाली याईलेबी चिमटा घेतला, हलू नका म्हणून. मधात एका टपरीवर तो थांबला, एका मोटरसायकलवाल्यासंग काहीतरी कुजबुजला, तो माणूस हात जोडून पुढं निघून गेला. साकोलीले पोचलो अन् याईले शिंक आली. ट्रॅक्टरवाला असा उडाला का चप्पल तिथंच राह्यली. मंग हे चादरीतून तोंड काढून म्हणे, भाऊ, पाणी भेटन का? त्यानं पाणी देल्लं, अन् मले म्हणे, बाई, तुह्या हिमतीले मानलं, अन् जोरात हसला, तवा कुठी माह्या जिवात जीव आला.

पण तो मोटरसायकलवाला निघाला लाखनीचाच, लग्नघरचा, अन् मामा गेल्याची खबर त्यानं आमच्या आधीच पोचवली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तं मांडव सुना, बँडवाले ढोल पोटाशी धरून चूप. शोभाबाई रडून राह्यली, बाया तिले धरून, अन् गुरुजी पंचांग चाळून राह्यले का मामाचं सुतक भाचीले लागते का नाही, लागते तं लग्न आज होते का नाही. मुलाकडचे म्हणे, पुढं ढकला. नवरी हळदीच्या अंगानं दारात उभी. पोचलो तरी लग्न मोडते का काय, अन् तेबी माह्याच तोंड बंद ठेवण्यानं! तेवढ्यात हे पलंगावर उठून बसले अन् म्हणे, शोभे, मुहूर्त टळला तं नाही ना?

दोन म्हाताऱ्या मांडवातून पळाल्या. बँडवाल्यानं घाबरून ढोलावर एक हाणली. शोभाबाई धावत आली, याईच्या गळ्यात पडली, मंग याईच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या, अन् मंग माह्याकडं वळली. मी मनात म्हणलं, झालं, आता ऐका कुसुमबाई. तिनं माहे हात पाह्यले, हँडलनं सोलून निघाले होते. म्हणे, वहिनी, माहा भाऊ तुमी आणला. एवढंच म्हणे. मी म्हणलं, पलंगावर तुमचा भाऊ झोपला वो, नवरीच्या आधी. तं रंजूच म्हणते कशी, मामा झोपला अन् मोडला नाही, मंग मजबूत आहे.

आता मामानं नवरीले उचलून आणायचं, तं मामाले स्वतःलेच उचलावं लागे. रंजू सरळ येऊन पलंगावर मामाशेजारी बसली, शालू सावरून. म्हणे, मामी, चाला. अन् मी तो ठेला मांडवात नेला दीदी, नवरी अन् मामा वर, बँड पुढं, मुलाकडचे तोंडाले रुमाल लावून. मंगलाष्टकं झाली तवा भाचीच्या पाठीशी मामा एका पायावर उभा, अन् मामाच्या पाठीशी मी, खांदा लावून. माह्या पाठीशी शोभाबाई उभी होती, ते मले अक्षता पडल्यावर समजलं.

मंग पाय बरा होतपर्यंत राह्यलो तिच्याकडं. रोज भांडलो आम्ही दोघी, अन् निघतानी रोजच्यापेक्षा जास्त रडलो. येतानी ठेला रिकामा, मी त्याच्यावर पाय पसरून झोपत आली रायपूरपर्यंत, चढाव सोडून. शोभाबाई आता चारचौघींत म्हणते, वहिनीनं भाऊ ओढून आणला. शब्द बदलला, आवाज तोच.

आता याईचं वय झालं, काम आलं तं आलं, नाही तं ओट्यावर बसून राह्यतात. आमचं काही वाईट नाही चाललं, चांगलंबी नाही, चाललं आहे. रंजूले खूप दिवसांनी दिवस राह्यले, लय नवस केले पोट्टीनं, सुखरूप सुटो, तिचं भलं होवो, तुहंबी होवो. तिनं फोन करून सांगतलं, मामी, या वेळेस गाडीनं या, तिकीट मी काढून पाठवते, अन् मामाले म्हणा हात हलवत या, काही आणायचं नाही. मी याईले सांगतलं. हे म्हणे, पाहू. अन् काल सकाळी ओट्यावर पाहते तं पाळण्याच्या मापानं सागवान कापून ठेवलेलं. दुपारी मीच ठेल्याच्या तिन्ही चाकांत तेल टाकलं, अन् ब्रेक मात्र नवा बसवून घेतला.